दुव्याचे क्रियापद : प्रकल्प-सहकार्य प्रणालींतील दस्तऐवज आणि कार्यनोंद यांच्या संबंधाची चिकित्सा

प्रस्तावना

संगणकीय आज्ञावली तयार करणाऱ्या कोणत्याही संस्थेत दोन प्रकारचे लेखन सतत चालू असते. पहिला प्रकार कामाच्या नोंदींचा. अमुक दोष दूर करावयाचा आहे, तमुक सुविधा वाढवावयाची आहे, अशी प्रत्येक नोंद स्वतंत्र क्रमांक घेऊन येते. तिला जबाबदार व्यक्ती असते, मुदत असते आणि काम संपले की ती बंद होते. दुसरा प्रकार दस्तऐवजांचा. ग्राहकाच्या गरजांचे निवेदन, रचनेचा आराखडा, बैठकीचे इतिवृत्त, चाचणीचा अहवाल हे सर्व त्यात येते. पहिल्या लेखनातून काय करावयाचे हे कळते, दुसऱ्यातून ते का करावयाचे हे कळते. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅटलासियन या कंपनीने २००२ मध्ये कामाच्या नोंदींसाठी ‘जिरा’ ही प्रणाली आणली आणि २००४ मध्ये दस्तऐवजांसाठी ‘कॉन्फ्लुअन्स’ ही दुसरी. एकाच कंपनीला या दोन गोष्टींसाठी दोन स्वतंत्र प्रणाली कराव्याशा वाटल्या, यातूनच या दोन लेखनांचे स्वभाव किती भिन्न आहेत हे दिसते. जिरामधील नोंदीला दीर्घकाळ ‘इश्यू’ म्हणत. २०२५ पासून तिला ‘वर्क आयटम’ असे नाव मिळाले. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘कार्यनोंद’ हा शब्द योजला आहे.

या दोन लेखनांना जोडणारी गोष्ट म्हणजे दुवा. दस्तऐवजात कार्यनोंदीचा क्रमांक लिहिला, किंवा कार्यनोंदीत दस्तऐवजाचा पत्ता चिकटवला, की दुवा तयार होतो. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी विचार करण्याजोगे काही आहे असे सहसा कोणास वाटत नाही. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत तर ‘सर्व काही परस्परांशी जोडलेले’ हीच गुणवत्तेची कसोटी मानली जाते. प्रस्तुत लेखाचा रोख या गृहीतकावर आहे. दोन गोष्टी जोडलेल्या आहेत एवढे सांगणारा दुवा हे अर्धे विधान असते. दस्तऐवज त्या कामाला आधार देतो, आज्ञा देतो, मर्यादा घालतो, की त्याचा केवळ उल्लेख करतो, हे त्यात नसते. शिवाय दुवा जोडला त्या दिवशी दस्तऐवज काय म्हणत होता, हेही त्यात नसते. या दोन उणिवांची किंमत किती असू शकते, याचे एक नोंदलेले उदाहरण उपलब्ध आहे.

एरियन ५ : हरवलेले समर्थन

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून युरोपच्या एरियन ५ या प्रक्षेपकाचे पहिले उड्डाण झाले. उड्डाणक्रम सुरू झाल्यानंतर सुमारे ४० सेकंदांनी, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर, प्रक्षेपक मार्गावरून ढळला, त्याचे तुकडे झाले आणि स्फोट झाला. त्यावरील ‘क्लस्टर’ मालिकेतील चार वैज्ञानिक उपग्रह नष्ट झाले. चौकशीसाठी फ्रेंच गणिती झाक-लुई लिऑन्स यांच्या अध्यक्षतेखाली मंडळ नेमण्यात आले आणि त्याचा अहवाल त्याच वर्षी जुलैमध्ये प्रसिद्ध झाला.

अपघाताचे तांत्रिक कारण अभियांत्रिकीच्या वर्गांत आता बहुतेकांना सांगितले जाते. प्रक्षेपकाची दिशा व गती मोजणाऱ्या यंत्रणेतील आज्ञावली जुन्या एरियन ४ वरून जशीच्या तशी घेतली होती. तिच्यात ६४ बिटांच्या दशांश-संख्येचे १६ बिटांच्या पूर्णांकात रूपांतर करणारी एक पायरी होती. आडव्या गतीशी निगडित असलेले हे मूल्य एरियन ५ च्या उड्डाणात अपेक्षेपेक्षा मोठे झाले, रूपांतर फसले आणि यंत्रणा बंद पडली. पर्यायी यंत्रणेत तीच आज्ञावली असल्यामुळे ती काही क्षण आधीच त्याच कारणाने बंद पडली होती. विशेष म्हणजे ज्या कार्यासाठी ही आकडेमोड चालू होती, त्या कार्याला एरियन ५ मध्ये उड्डाणानंतर काही प्रयोजनच नव्हते. ते एरियन ४ च्या गरजेपोटी ठेवले गेले होते.

वर्गात येथेच थांबले जाते आणि ‘संख्येचा अतिरेक’ असे शीर्षक देऊन विषय संपवला जातो. परंतु लिऑन्स मंडळाचा अहवाल येथे थांबत नाही. अशा रूपांतराचा धोका असलेली सात चलमूल्ये होती. त्यांपैकी चारांना संरक्षण देण्यात आले होते, तीन उघडी ठेवण्यात आली होती. ही चूक नजरचुकीने झालेली नव्हती. संगणकावरील भार ठरावीक मर्यादेत ठेवावयाचा होता, आणि ती तीन मूल्ये एकतर भौतिकदृष्ट्याच मर्यादित आहेत किंवा त्यांना भरपूर वाव आहे, असा युक्तिवाद करून तो निर्णय विविध स्तरांवरील भागीदारांनी एकत्रितपणे घेतला होता. म्हणजे निर्णय होता, त्यामागे कारण होते, आणि त्याला संमतीही होती. नव्हता तो आज्ञावलीपासून त्या कारणापर्यंत नेणारा दुवा. मंडळाला आज्ञावलीच्या मजकुरात या समर्थनाचा थेट संदर्भ कोठेही सापडला नाही. एवढ्या मोठ्या प्रकल्पातील कागदांच्या राशीत ते गृहीतक, कोणी मुद्दाम दडवलेले नसतानाही, बाहेरून तपासणाऱ्यांच्या दृष्टीआड गेले होते. म्हणूनच मंडळाच्या शिफारशींत एक शिफारस अशीही आहे की समर्थनाच्या दस्तऐवजांकडे आज्ञावलीइतकेच लक्ष द्यावे आणि आज्ञावली व तिचे समर्थन यांत सुसंगती राखण्याचे तंत्र सुधारावे.

ही शिफारस आजच्या प्रकल्प-सहकार्य प्रणालींना लावण्याची कसोटी म्हणून घेता येते. मात्र ती लावताना एक सावधगिरी आवश्यक आहे. दुवा असता तर अपघात टळला असता, असे म्हणणे सोपे आहे आणि ते पुरेसे प्रामाणिक नाही. एरियन ५ च्या उड्डाणमार्गाची आकडेवारी या यंत्रणेच्या अपेक्षापत्रात समाविष्ट करावयाची नाही, असेही सर्वसंमतीने ठरले होते. ज्या दस्तऐवजाशी तुलना व्हावयास हवी होती, त्याला त्या अपेक्षापत्रात जागाच नव्हती. नसलेल्या कागदाला दुवा जोडता येत नाही. तरीही आज्ञावलीच्या त्या ओळीशेजारी ‘हे विधान एरियन ४ च्या उड्डाणमार्गावर आधारित आहे’ एवढे जरी नोंदलेले असते, तरी एरियन ५ साठी ती ओळ वाचणाऱ्या तपासनिसाला पुढचा प्रश्न विचारण्यास जागा मिळाली असती. येथे ‘आधारित आहे’ हे क्रियापद महत्त्वाचे आहे. ‘संबंधित आहे’ असे लिहिले असते, तर प्रश्न पडलाच असता असे नाही.

‘संबंधित’ या शब्दाचे दारिद्र्य

जिरामध्ये दोन कार्यनोंदी एकमेकींना जोडताना संबंधाचा प्रकार निवडावा लागतो. प्रणालीसोबत येणारे प्रकार मोजके आहेत : एक नोंद दुसरीला अडवते, एक दुसरीची पुनरावृत्ती आहे, एक दुसरीची प्रत आहे, आणि शेवटी सर्वांना सामावून घेणारा ‘संबंधित आहे’. पहिल्या तिघांना दोन्ही बाजू असतात. ‘अडवते’ असे एका नोंदीवर लिहिले की दुसरीवर आपोआप ‘अमुक नोंदीमुळे अडलेली’ असे उमटते. कर्तरी आणि कर्मणी या दोन्ही प्रयोगांत एकच गोष्ट सांगणारी ही योजना खरोखर चांगली आहे. ‘संबंधित’ मात्र दोन्हीकडून सारखेच दिसते. त्याला कर्ता नाही आणि कर्मही नाही. संस्थांना आपले स्वतःचे प्रकार वाढवता येतात, परंतु घाईत असलेल्या माणसाचा हात शेवटच्या पर्यायाकडेच जातो, कारण तो निवडल्याने कधीच कोणी चूक काढत नाही.

कार्यनोंद आणि दस्तऐवज यांच्या बाबतीत परिस्थिती याहून हलाखीची आहे. कॉन्फ्लुअन्सच्या पानावर कार्यनोंदीचा उल्लेख झाला की त्या नोंदीवर ‘येथे उल्लेख आहे’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली त्या पानाचे नाव येते. नोंदीकडून पान जोडले तर केवळ ‘विकी पान’ असे लिहिलेले दिसते. पहिल्यात एक फिकट क्रियापद तरी आहे. दुसऱ्यात नुसता नामनिर्देश आहे. ज्या पानावर त्या कामाला मंजुरी मिळाली, ज्या पानावर ते काम करू नये असे ठरले, आणि ज्या पानावर कोणीतरी सहज जाता जाता त्याचा क्रमांक लिहिला, ती तिन्ही पाने एकाच यादीत एकाखाली एक बसतात. वाचणाऱ्याने प्रत्येक पान उघडून संबंध स्वतः ओळखावा, अशी अपेक्षा असते. यादी लहान असेल तोवर हे चालते. वर्षभर चाललेल्या कामाची यादी लहान राहत नाही.

एका ठिकाणी मात्र प्रणालीने क्रियापदाला मान दिला आहे, आणि तेथे घडलेली गंमत बोधप्रद आहे. गिटहब या व्यवस्थेत आज्ञावलीतील बदलाचे वर्णन लिहिताना ‘फिक्सेस’, ‘क्लोजेस’ किंवा ‘रिझॉल्व्ह्ज’ यांपैकी एखादे क्रियापद लिहून त्यापुढे नोंदीचा क्रमांक दिला, तर तो बदल मुख्य शाखेत सामील होताच ती नोंद बंद होते. म्हणजे दुवा केवळ दर्शवत नाही, कृती करतो. परंतु ‘या बदलाने क्रमांक १२ चा दोष दूर होत नाही’ असे इंग्रजीत साध्या शब्दांत लिहिले, तरीही नोंद १२ बंद होण्याचा प्रसंग येतो. कारण यंत्राला क्रियापद आणि त्यालगतचा क्रमांक दिसतो, त्याआधीचा नकार दिसत नाही. क्रियापद कळले पण वाक्य कळले नाही, अशी ही अवस्था आहे. व्याकरण शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी हे उदाहरण जरूर वापरावे.

स्थिर प्रत आणि जिवंत पान

दुसरी उणीव काळाची. पत्रव्यवहाराच्या मराठी रीतीत दोन भिन्न व्यवस्था आहेत आणि त्या दोन्ही प्रत्येक महाविद्यालयाच्या कार्यालयात रोज वापरल्या जातात. पत्राच्या आरंभी ‘संदर्भ’ असतो. त्यात अन्य पत्राचा जावक क्रमांक व दिनांक देऊन त्याकडे बोट दाखवले जाते. पत्राच्या अखेरीस ‘सोबत’ असते. त्यात कागदाची प्रतच जोडलेली असते. संदर्भ दिलेला कागद दुसरीकडे राहतो, सोबत जोडलेला कागद हाती येतो. आणि दोन्हींत तो कागद गोठलेला असतो, कारण जावक क्रमांक व दिनांक पडलेले पत्र नंतर बदलत नाही. दुरुस्ती करावयाची झाल्यास शुद्धिपत्रक काढावे लागते, आणि त्या शुद्धिपत्रकाला स्वतःचा क्रमांक व दिनांक असतो.

सहकार्य-प्रणालींत ‘सोबत’ची जागा जोडलेल्या फाइलीने घेतली आणि ‘संदर्भ’ची जागा दुव्याने. जोडलेली फाइल गोठलेली राहते, हे खरे. पण मूळ दस्तऐवजात सुधारणा झाली तरी ती जुनीच राहते आणि कोणास त्याचा पत्ता लागत नाही. दुवा याच्या उलट वागतो. कॉन्फ्लुअन्समधील पान दर वेळी साठवले की त्याची नवी आवृत्ती तयार होते, जुन्या आवृत्त्या इतिहासात राहतात, पण नेहमीचा दुवा वाचकाला नेतो तो आजच्या आवृत्तीकडे. मार्चमध्ये एखाद्या आराखड्याच्या आधारे काम सुरू झाले, जूनमध्ये त्या पानावरील मर्यादा बदलली, तर ऑक्टोबरमध्ये नोंद वाचणाऱ्याला असे दिसते की मार्चमधील काम जूनच्या मर्यादेनुसार झाले होते. कोणीही खोटे लिहिलेले नाही. तरीही अभिलेख खोटा झाला आहे. प्रत्येक बदलाचा इतिहास जतन करणारी प्रणालीच हे करते, हा यातील विरोधाभास.

हे अटळ आहे असेही नाही. २००४ च्या सुमारास आलेल्या ‘ट्रॅक’ या मुक्त प्रणालीत दस्तऐवज, कार्यनोंद आणि आज्ञावलीतील बदल यांना एकाच लेखनपद्धतीने संबोधता येत असे, आणि फाइलीच्या नावापुढे आवृत्तीचा क्रमांक लिहिला की दुवा कायमचा त्या आवृत्तीशी बांधला जाई. गिटहबवरही एका कळीच्या दाबाने चालू शाखेचा पत्ता विशिष्ट आवृत्तीच्या स्थिर पत्त्यात बदलता येतो. दोन्ही ठिकाणी ही सोय आज्ञावलीच्या फाइलींसाठी सर्वांत परिपूर्ण आहे. आज्ञावलीची आवृत्ती महत्त्वाची, पण तिच्या समर्थनाच्या कागदाची आवृत्ती तेवढी महत्त्वाची नाही, अशी उतरंड येथेही दिसते. आणि लिऑन्स मंडळाने बोट ठेवले होते ते नेमके याच उतरंडीवर.

लेबले कोठे गळाली

दुव्याला अर्थ असावा ही कल्पना नवीन नाही. व्हॅनेव्हर बुश यांनी जुलै १९४५ मध्ये ‘अटलांटिक मंथली’मध्ये लिहिलेल्या लेखात कागदांमधून जाणाऱ्या वाटांची कल्पना मांडली होती, आणि त्या वाटांना वाचकाने नाव द्यावयाचे होते. टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द प्रचारात आणला. त्यांच्या झनाडू प्रकल्पात दुवा दोन्ही बाजूंनी दिसावा असा आग्रह होता. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत जवळचा दस्तऐवज म्हणजे टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत सादर केलेला प्रस्ताव.

विश्वव्यापी जालाचे जन्मपत्र म्हणून त्याचा गौरव होतो, पण मुळात तो एका संस्थेतील प्रकल्प-माहितीच्या गळतीविषयीचा अर्ज होता. तेथे माणसे साधारण दोन वर्षे राहतात आणि जातात. त्यांच्याबरोबर काय कोठे आहे व का आहे याचे ज्ञानही जाते. नव्याने आलेल्याला ते पुन्हा शोधावे लागते, ही त्यातील तक्रार. प्रस्तावाच्या आरंभीच्या आकृतीत वर्तुळे आणि त्यांना जोडणारे बाण आहेत, आणि बहुतेक बाणांवर क्रियापदे लिहिलेली आहेत : वर्णन करतो, समाविष्ट करतो, संदर्भ देतो, लिहिले. त्यापूर्वी १९८० मध्ये त्यांनी स्वतःपुरती केलेल्या ‘एन्क्वायर’ या आज्ञावलीतही दुव्यांना प्रकार होते आणि ते दोन्ही बाजूंनी दिसत.

प्रत्यक्षात जे जाल पसरले त्यात ही लेबले गळाली. एचटीएमएल या भाषेत संबंधाचे नाव लिहिण्यासाठी ‘रेल’ आणि उलट दिशेसाठी ‘रेव्ह’ अशा दोन जागा होत्या. सामान्य लेखकांनी त्या क्वचितच भरल्या, आणि पाचव्या आवृत्तीत दुसरी वगळण्यात आली. नामहीन, एकमार्गी दुवा स्वस्त होता, कोणाची परवानगी न घेता जोडता येत होता, आणि त्या स्वस्ताईमुळेच जाल पसरले. सार्वजनिक जालासाठी हा सौदा बहुधा योग्यच ठरला. प्रश्न असा आहे की बंद संस्थेतील कामासाठीही तोच स्वस्त दुवा का घ्यावा. तेथे वाचक मोजके असतात, जबाबदारी निश्चित असते आणि चुकीची किंमत मोजता येते. प्रकल्प-प्रणाली जालाच्या तंत्रावर उभारल्या गेल्या, म्हणून जालाचा दुवाही त्यांत आला. त्याची निवड कोणी विचारपूर्वक केली असे दिसत नाही. बर्नर्स-ली यांनी ज्या अडचणीसाठी अर्ज केला होता, ती अडचण अर्जातून निघालेल्या साधनानेच पुन्हा संस्थांत आणून सोडली.

शासकीय मराठीतील दुव्यांचे व्याकरण

दुव्यांना क्रियापदे लावणे व्यवहारात अशक्य आहे, माणसे तेवढे लिहीत नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. त्याला एक उत्तर मराठी वाचकाच्या अगदी हाताशी आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर राज्यकारभाराची जी मराठी घडली, तिच्या बोजडपणाची टिंगल पुष्कळ झाली आहे आणि त्यातील बरीचशी रास्त आहे. परंतु एका बाबतीत ही भाषा कोणत्याही प्रकल्प-प्रणालीहून काटेकोर आहे. एका कागदाचा दुसऱ्या कागदाशी असलेला संबंध सांगण्यासाठी तिच्याजवळ स्वतंत्र शब्दांचा संच आहे.

शासन निर्णय हाती घेतल्यास प्रथम ‘वाचा’ असे शीर्षक येते आणि त्याखाली आधीच्या निर्णयांची क्रमांक-दिनांकासह यादी. एवढेच असते तर ती यादी कॉन्फ्लुअन्सच्या यादीसारखीच मुकी ठरली असती. परंतु पुढील प्रस्तावनेत आणि निर्णयात त्या प्रत्येकाशी काय करावयाचे हे सांगितलेले असते. ‘अन्वये’ म्हटले की त्या कागदातून अधिकार आला. ‘अनुसरून’ म्हटले की त्याचे पालन झाले. ‘अनुषंगाने’ म्हटले की तो केवळ निमित्त आहे. ‘अधीन राहून’ म्हणजे त्याची मर्यादा मान्य आहे. ‘अंशतः सुधारणा करून’ म्हणजे उरलेला भाग कायम आहे, आणि ‘अधिक्रमित करून’ म्हणजे तो यापुढे लागू नाही. आस्थापना विभागातील अनुभवी लिपिक ‘अन्वये’ आणि ‘अनुषंगाने’ यांत गल्लत करीत नाही. केल्यास वेतननिश्चितीचे प्रकरण लेखापरीक्षणात परत येते. ही क्रियापदे माणसे लिहितात, रोज लिहितात, आणि ती लिहिल्याने कामाचा वेग कमी होतो असे कोणी म्हटलेले नाही. वेग इतर कारणांनी कमी होतो.

एरियन ५ च्या आज्ञावलीतील त्या ओळीला या भाषेत दुवा जोडावयाचा असता, तर ‘एरियन ४ च्या उड्डाणमार्गाच्या मर्यादांस अधीन राहून’ असे लिहावे लागले असते. नवा प्रक्षेपक आला की ‘अधीन’ हा शब्द डोळ्यांत खुपतो. ‘संबंधित’ खुपत नाही.

अर्थात या व्यवस्थेलाही मोठे छिद्र आहे, आणि ते नेमके उलट बाजूस आहे. नवा शासन निर्णय जुन्याला अधिक्रमित करतो हे नव्यावर लिहिलेले असते. जुन्या कागदाला त्याची खबर नसते. शासनाच्या संकेतस्थळावर प्रत्येक निर्णय सांकेतांकासह उपलब्ध असतो, पण जुन्या निर्णयाची फाइल उघडल्यावर तो आता लागू नाही असे त्या कागदावर कोठेही उमटलेले नसते. म्हणून अधिक्रमित निर्णयाच्या आधारे प्रस्ताव तयार होतात, वरिष्ठ कार्यालयात जातात आणि त्रुटीसह परत येतात. कागदाला क्रियापद आहे पण उलट दुवा नाही. प्रणालीला उलट दुवा आहे पण क्रियापद नाही. दोन्ही एकत्र आणण्यात तांत्रिक अडचण काहीही नाही.

संशयित दुवा

ते एकत्र आणल्याचे उदाहरण एका वेगळ्या परंपरेत सापडतेच. विमान, रेल्वे, संरक्षण यांसारख्या जोखमीच्या क्षेत्रांत अपेक्षांच्या व्यवस्थापनासाठी ‘डोअर्स’ ही प्रणाली १९९० च्या दशकापासून वापरली जाते. तिची मालकी टेलिलॉजिककडे व पुढे २००८ मध्ये आयबीएमकडे आली. तिच्यात दुव्याच्या एका टोकाचा मजकूर बदलला की दुसऱ्या टोकाला तो दुवा ‘संशयित’ असल्याची खूण दिसते. जबाबदार व्यक्तीने दोन्ही बाजू वाचून संबंध अजून खरा आहे असे ठरवेपर्यंत ती खूण तशीच राहते. यंत्र येथे अर्थ लावण्याचा आव आणत नाही. संबंध मोडला असे ते म्हणत नाही. कोणीतरी पुन्हा पाहावे, एवढेच म्हणते. विमानांतील आज्ञावलीच्या डीओ-१७८सी या २०११ च्या मानकात अपेक्षा, आज्ञावली व चाचणी यांचा माग दोन्ही दिशांनी लागावा अशी अट आहे, आणि संशयाची ही खूण त्या शिस्तीला साजेशी आहे.

मग ही सोय सर्वत्र का नको? येथे आतापर्यंतच्या विवेचनाच्या विरुद्ध बाजूला झुकणारी एक गोष्ट मान्य करावी लागते. जेथे प्रत्येक दुवा सक्तीचा असतो, तेथे दुवे तपासणीसाठी जोडले जातात, समजण्यासाठी नव्हे. मागोव्याचा तक्ता पूर्ण भरलेला असतो आणि तो कोणीच वाचत नाही. महाविद्यालयांना याचा अनुभव २०१७ च्या सुधारित आराखड्यानुसार नॅकचे स्वयं-अध्ययन अहवाल भरताना आला. प्रत्येक निकषापुढे पुराव्याचा दुवा द्यावयाचा होता. दुवे दिले गेले. एकाच इतिवृत्ताची फाइल पाच निकषांना जोडली गेली. ते इतिवृत्त त्या निकषाला आधार कसा देते हे लिहिण्याची जागा अनेकदा नव्हतीच, आणि महाविद्यालयाचे संकेतस्थळ नव्याने बांधले गेले तेव्हा त्यांतील कित्येक पत्ते मृत झाले. सक्तीने संख्या वाढली, संबंधाचे ज्ञान वाढले नाही. संशयाच्या खुणांचेही असेच होऊ शकते. मोठ्या दस्तऐवजात एक स्वल्पविराम सुधारला आणि दोनशे दुवे संशयित झाले, तर दुसऱ्या दिवशी ते सर्व एकाच टिचकीने निर्दोष ठरवले जातात.

तेव्हा मागणी मर्यादित असावयास हवी, आणि ती मर्यादित ठेवली तर प्रचलित प्रणालींतही पूर्ण होऊ शकते. सर्व दुव्यांना क्रियापद नको. उल्लेख हा उल्लेखच राहू द्यावा. परंतु ज्या दस्तऐवजाच्या बळावर एखादा धोका पत्करला, एखादे संरक्षण वगळले किंवा एखादी मर्यादा गृहीत धरली, त्या एका दुव्याला ‘आधार’ असे वेगळे नाव असावे, तो वाचलेल्या आवृत्तीशी बांधलेला असावा आणि ती आवृत्ती मागे पडताच त्याने संशयित व्हावे. असे दुवे कोणत्याही प्रकल्पात थोडेच असतात. एरियनच्या यंत्रणेत उघड्या ठेवलेल्या चलमूल्यांपुरते ते तीन असते. काम नव्या प्रकल्पात घेताना तर याची अधिकच गरज. जिरामध्ये कार्यनोंदीची प्रत काढताना दुवेही सोबत घ्यावेत का, असा पर्याय येतो. दुवे घेतले तर ते जसेच्या तसे येतात; जुन्या परिस्थितीचे समर्थन नव्या परिस्थितीत निमूटपणे हजर होते. न घेतले तर समर्थन मागेच राहते. प्रत झालेला ‘आधार’ जन्मतःच संशयित मानावा, हा तिसरा पर्याय तेथे नाही. कुरू येथे १९९६ मध्ये नेमका तोच हवा होता.

उरतो तो संशयाची सूचना कोणाकडे जावी हा प्रश्न. प्रणाली ती दुवा जोडणाऱ्याकडे पाठवते, किंवा नोंदीवर ज्याचे नाव आहे त्याच्याकडे. आज्ञावली-उद्योगात माणसे एका प्रकल्पावर वर्षानुवर्षे राहत नाहीत. सर्नमध्येही दोनच वर्षे राहत असत. सूचना जाते तेव्हा ते खाते बहुधा बंद झालेले असते. कार्यालयीन व्यवस्थेत टपाल व्यक्तीच्या नावे न जाता पदाच्या नावे जाते. प्राचार्य बदलले तरी ‘मा. प्राचार्य’ या पत्त्यावरील पत्र कोणीतरी उघडतेच. प्रकल्प-प्रणालींत मात्र दुवा अजूनही ज्याने जोडला त्या माणसाच्या नावावर असतो, आणि तो माणूस गेल्यावर त्याच्याविषयी विचारणा कोणाकडे करावयाची हे नोंदीत लिहिलेले नसते.